चार मायक्रॉन

मिरजेच्या या तळघरात
ब्लेड लावण्याआधी पंखा बंद करावा लागतो,
नाहीतर मेणाची फीत उडून जाते.
म्हणून चैत्रात घाम,
आणि वरच्या झरोक्यातून
कोण रिक्षावाल्याशी किती रुपयांसाठी भांडतंय
ते सगळं ऐकू येतं.

आज पुण्याहून एक मुलगी आली आहे.
पाठीवर सॅक, हातात समितीचं पत्र :
तोंडाच्या कर्करोगाचे जुने ब्लॉक हवेत,
मिश्री लावणाऱ्या बायांचे,
दहा-बारा वर्षांपूर्वीचे चालतील.
नावं नकोत.
वय आणि गालाची बाजू पुरे.

मी खण ओढतो.
मेणाचे चौकोन, साबणाच्या वड्यांसारखे दाटीनं लावलेले,
प्रत्येकाच्या पोटात एक करडा ठिपका.
बाराशे माणसं आहेत या खणात
आणि खण एका हातानं ओढता येतो.

२२०७. डावा गाल. वय अंदाजे साठ.
पत्राप्रमाणे मला नाव माहीत नाही.

सोनाबाई हाक्के. जतच्याही पुढची.
मुलानं एसटीनं आणलेली,
तोंडावर पदर, पदराला मेंढरांचा वास.
तेव्हा मी वर खिडकीत बसायचो, नमुने घ्यायला.
बाटली तिनं स्वतःच आणली,
उजेडाकडे धरून हलवून बघितली.
"एवढुसा तर हाय.
ह्यातनं समदं कळतं व्हय रं?"
कळतं, म्हणालो.
"मंग कळल्यावर माघारी देशील न्हवं?
जाताना पुरी जावं म्हनते."

मी हो म्हणालो.
मागे रांग होती.

रिपोर्ट मुलानं नेला, तीन ओळींचा.
ती पुन्हा आली नाही.
न येण्याचं कारण लिहायला
आमच्या रजिस्टरात रकाना नाही.

ब्लॉक बर्फावर ठेवतो, मग चिमट्यात कसतो.
चाक फिरवतो.
सुरुवातीचे काप टाकायचेच असतात,
पातळी लागेपर्यंत.
मग येते ती सलग फीत,
चार मायक्रॉन जाडीची,
म्हणजे जाडी नाहीच म्हणा.
कोमट पाण्यावर सोडली की आधी सुरकुतते,
मग हळूहळू अंग टाकते.
याच गालात वारा भरून
ती कळपाला हाक मारत असणार.
हा माझा अंदाज.
रंगवल्यावर फक्त निळं आणि गुलाबी दिसेल.

मुलगी सांगते, यातून डीएनए काढायचा,
मिश्रीनं आधी काय मोडतं, मग काय, ते बघायचं.
ते कळलं तर कदाचित
गावातल्या नर्सला कापसाच्या एका बोळ्यावरून
वेळेत ओळखता येईल, कदाचित.
'कदाचित' ती दोनदा म्हणते.
म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसतो.

ब्लॉक परत येणार ना, मी विचारतो.
येईल की सर, ती म्हणते,
पण तोवर आत काही उरलेलं नसेल.
नुसतं मेण.

मी काचपट्टीवर आकडा घालतो. पेन्सिलनं,
शाई झायलीनमध्ये विरघळते.
रजिस्टरात 'दिले' खाली तारीख.
'परत' चा रकाना
मी पहिल्यांदाच इतका वेळ बघत बसतो.

टेबलावर सुरुवातीचे काप पडलेत,
पांढरे, वळलेले, नखाएवढे.
एखाद्यात ती असेल. थोडी.
रोज मी हे ब्रशनं डब्यात लोटतो,
एव्हाना लोटून झालेलंही असतं.

मुलगी कपाळ पुसते.
सर, झालं ना? पंखा लावू?

थांब, म्हणतो.
अजून उडण्यासारखं आहे.